अंतर्मुख म्हणजे नुसता गप्प बसणारा माणूस का?

पाणवठा
मागच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, फार अंतर्मुख माणूस होता हो. मला ते तेव्हापासून टोचतंय म्हणून इथे लिहितेय. बाबा बोलायचे नाहीत हे खरं. ऑफिसातून आले की पेपर, जेवण, रेडिओ आणि झोप, आईचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशीसुद्धा तेच. राग आला की चार चार दिवस अबोला, आणि कशाचा राग आलाय ते आम्हीच ओळखायचं. ह्याला अंतर्मुख म्हणायचं?

कठोपनिषदात एक श्लोक आहे, की विधात्याने इंद्रियांची दारं बाहेरच्या बाजूला उघडली म्हणून माणूस बाहेरच बघतो, एखादाच धीराचा माणूस डोळे आत वळवतो. म्हणजे ते करावं लागतं, ती मेहनत आहे. आणि १९२१ साली मानसशास्त्रज्ञ युंगने माणसांचे स्वभाव-प्रकार मांडले, त्यातल्या इंट्रोव्हर्टलाही आपण मराठीत अंतर्मुखच म्हणायला लागलो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आणि त्याचा फायदा असा की जो कमी बोलतो त्याला साधकाचा मान फुकट मिळतो. आपल्याकडे अबोल, घुमा, मितभाषी, आतल्या गाठीचा इतके नेमके शब्द असताना!

सांजवात
ताई, तुमचं दुःख कळतंय पण मुद्दा अजिबात पटला नाही. बाबांच्या आत काय चाललं होतं हे तुम्हाला कसं माहीत? दाखवलं नाही म्हणजे नव्हतंच, असं तुम्ही धरून चाललाय. मी वीस वर्षं शाळेत शिकवतेय, दर वर्गात चारपाच गप्प पोरं असतात आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्गात सहभाग घेत नाही' असा शेरा वर्षानुवर्षं पडतो, मीही पूर्वी तो लिहिलाय आणि त्याचं मला आज वाईट वाटतं, कारण त्यातल्याच एका मुलीची निबंधाची वही वाचताना माझ्या घशात आवंढा आला होता. आणि युंगचा मुद्दाही बोलण्या न बोलण्याचा नव्हताच, माणसाचा ओढा कुठे आहे, बाहेरच्या जगाकडे की स्वतःच्या आतल्या, असा होता.

काळीमाती
मी पाणवठा ह्यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. हे 'आत काय होतं कोणाला माहीत' प्रकरण आपल्या घराघरात बाप्यांना सोडवायलाच वापरलं जातं. तापट आहे पण मनाने वाईट नाही, बायकोवर हात टाकतो पण आतून हळवा आहे. माझ्या आत्याने हे ऐकत उभा जन्म काढला. मला विचाराल तर अंतरंग, स्वभाव वगैरे म्हणजे माणूस रोज जे वागतो तेच. बाकी कोणी बघितलंय?

वाळवंटी
@काळीमाती, मग चोखोबांचं काय करायचं? ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा. वरून दिसतं तेवढंच खरं धरलं तर ज्यांनी त्यांना जातीवरून दाराबाहेर ठेवलं ते बरोबर ठरतात की! मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून त्याखाली ते गेले, नामदेवराय अस्थी शोधायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली असं सांगतात. ही कथा खरी घडली की नाही ते जाऊ दे, पण ती सांगणाऱ्यांना माणसाचं अंतरंग म्हणजे काय ते पक्कं कळलं होतं. मी दर वारीला पंढरपुरात त्यांच्या समाधीपाशी थांबतो, मला तिथे दर वेळी हेच आठवतं.

काळीमाती
मीही तिथे थांबलोय. आणि ती समाधी कुठे आहे? देवळाच्या पायरीशी, दाराबाहेर. आतला रस गोड असून सहाशे वर्षं दार उघडलं नाही, १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा हललं. बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तिघांना अर्पण केलं त्यात चोखामेळा आहेत, म्हणजे आदर होताच, पण त्याच बाबासाहेबांनी आधी लिहिलंय की संतांनी देवापुढे सगळे समान म्हटलं, माणसामाणसातल्या समतेची लढाई लढली नाही. आणि हो, चोखोबा गप्प नव्हते. तोंडावर विचारलंय त्यांनी, काय भुललासी. आत होतं ते बाहेर आणलं म्हणून आज तुम्हाला मला माहीत आहे.

घाटमाथा
थोडं माझं. मी भयंकर बडबड्या, बायको म्हणते झोपेत पण बोलतोस. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला गेलो होतो. आर्य मौन, दिवसाचे दहाएक तास बैठक, पहिले तीन दिवस नुसता श्वास आणि चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू. मला वाटलेलं आत शांती बिंती सापडेल. सापडलं काय तर धाकट्या भावाबद्दलचा राग, वाटणीच्या वेळचा, बांधावरच्या एका आंब्यापायी, बारा वर्षं जुना आणि ताजा. मी सगळीकडे सांगायचो की मी सोडून दिलंय. सोडलं नव्हतं, वर गप्पांचं गवत वाढवलं होतं. त्यामुळे पाणवठा म्हणतात ते मला पटतं, आत बघणं वेगळं आणि गप्प असणं वेगळं. बाहेर आल्यावर भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. अजून अधूनमधून करतो.

सांजवात
घाटमाथा, दहा दिवस तुमच्याकडे बघणाऱ्याला तरी काय दिसलं असतं? एक गप्प माणूस बसलाय. तेवढंच. माझं म्हणणं एवढंच आहे. पाणवठा, आईंना विचारलंत का कधी?

पाणवठा
काल रात्री विचारलं. आई म्हणाली, एक्केचाळीस वर्षं संसार केला, त्यांच्या मनात काय असायचं ते मलाही कळलं नाही, सुरुवातीला मी विचारायचे, मग विचारायचं सोडलं. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली आणि मी तिच्यासमोर नुसती बसून राहिले.

तर सांजवात, बाबा अंतर्मुख नव्हते हे माझं वाक्य मी मागे घेते. मला माहीत नाही हे खरं. पण मग श्राद्धाला जेवायला आलेल्या त्या पन्नास माणसांनाही माहीत नव्हतं, आणि आईला एकटीला विचारत राहावं लागलं ह्याचा माझा राग तसाच आहे, तो मी मागे घेणार नाही.