मदत हवी आहे: फळांच्या विकिरणासाठी डोस किती ठेवावा?

नमस्कार मंडळी. ताजी फळं जास्त दिवस टिकावीत म्हणून विकिरण करून घ्यायचा (म्हणजे फळांवर गॅमा किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा) विचार आहे. प्रत्यक्ष हे काम केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय.

केळी, पपईसारख्या तोडल्यावर पिकणाऱ्या फळांचं गणित कळतंय. पूर्ण वाढलेलं पण पिकायला न लागलेलं फळ घ्यायचं, डोस १ किलोग्रेच्या (फळात किती किरण-ऊर्जा शोषली गेली ते मोजायचं एकक) आत ठेवायचा, पिकणं लांबतं. एकदा पिकायला लागलं की फारसा फायदा नाही.

घोडं अडलंय ते स्ट्रॉबेरीपाशी. तिथे खरा शत्रू राखाडी बुरशी. तिला आवर घालायला २ किलोग्रेच्या आसपास डोस लागतो, पण डोस वाढवला की पेक्टिन (फळाला घट्टपणा देणारा घटक) तुटतं आणि फळ मऊ पडतं. म्हणजे बुरशी गेली आणि लगदा हाती आला! डोस थोडा कमी ठेवून थंड साठवणीवर जास्त भर दिला तर निभावतं का? कुणी करून पाहिलंय?

दुसरं, खोक्यांच्या थप्पीत बाहेरच्या फळांना जास्त डोस बसतो, आतल्यांना कमी. हा फरक कमी करायला खोक्यांची मांडणी कशी करता? इलेक्ट्रॉन बीम काही सेंटीमीटरच आत जातो, त्यामुळे भरलेल्या खोक्यांसाठी कोबाल्ट-६० चे (किरणोत्सारी कोबाल्टचे) गॅमा किरणच बरे, असं माझं मत. चुकत असेन तर सांगा.

(फळं किरणोत्सारी होतात का, ही चर्चा कृपया इथे नको. होत नाहीत.)