चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी उचलताना हँडब्रेक लावायचा की नाही?

घाटवाटसरू (धागाकर्ता):
लाँग वीकेंडच्या शनिवारी सकाळी खालापूर टोलनाका सोडला की खंडाळ्यापर्यंत काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. दोन फूट पुढे, थांब, परत दोन फूट, आणि कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग. क्लच जळाल्याचा तो उग्र वास काचा बंद असल्या तरी आत येतो. माझं म्हणणं आहे की यातले कितीतरी क्लच वाचले असते जर लोकांनी चढावर थांबल्यावर सरळ हँडब्रेक ओढला असता. पण आपल्याकडे हँडब्रेकवर गाडी उचलणं म्हणजे नवशिक्याचं लक्षण असं डोक्यात बसलंय, मग लोक गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून रेसवर, तोलून धरतात आणि क्लचची प्लेट घासत बसते.

पद्धत साधी आहे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडत आणा, इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि बोनेट किंचित वर उचलल्यासारखं दिसतं, तिथे पाय तसाच धरा, थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही कारण उजवा पाय आधीपासूनच ॲक्सिलरेटरवर आहे. हे प्रत्येकाला शिकवलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कराडचा_डिझेलवाला:
दादा, असहमत. खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना चढाला ट्रक अडकले की रांग दर दहा-पंधरा सेकंदांनी हलते, तिथे प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढा-सोडा करत बसलं तर मागचे हॉर्न वाजवून वेडं करतात आणि पुढच्या जागेत कोणीतरी घुसतो. गाडी पाच मिनिटं उभी राहणार असेल तर हँडब्रेक, मान्य. नाहीतर ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा, क्लच पकडीपर्यंत, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना लागायला सुरुवात होते तिथपर्यंत, आणायचा, गाडी थरथरली की ब्रेक सोडायचा. गाडी जागेवरच राहते, मग रेस द्यायची. यात पाय घाईने उचलायची गरजच नाही, लोक क्लच पकडायच्या आधीच ब्रेक सोडतात म्हणून गाडी मागे जाते. दोष हँडब्रेक न लावण्याचा नाही, पकड न ओळखण्याचा आहे.

तीन_सिलिंडर:
कराडकर, तुमच्या डिझेलला आयडलवरच, म्हणजे रेस न देताही, एवढा जोर असतो की नुसता क्लच सोडला तरी गाडी चढ चढते. १ लिटरच्या पेट्रोल गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि एसी चालू असं असताना हे करून बघा, ब्रेक सोडायच्या आधीच इंजिन खाली बसतं आणि गाडी बंद. आमच्यासारख्यांना आधी रेस हवीच, आणि रेस द्यायची तर उजवा पाय ब्रेकवर कसा राहणार? म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. आणि उभा चढ असेल तर उचलण्यापुरता एसी बंद करा, फरक लगेच कळतो.

गॅरेजवाला_चाकण:
दोघांचंही ऐकलं, आता कामाचं सांगतो. क्लच प्लेट गाडी उचलताना जळत नाही, ती जळते गाडी क्लचवर उभी ठेवल्याने. उचलताना दोन-तीन सेकंद घसरते तेवढं ती सोसते, ते तिचं कामच आहे. पण पुढची रांग थांबलीय, याने ब्रेक दाबला नाही, क्लच अर्धा आणि रेस देऊन गाडी तोलून धरलीय, असं अर्धा-एक मिनिट केलं की प्लेट तापून वास मारायला लागते, आणि वारंवार केलं की फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्या इंजिनाच्या चकतीवर दाबली जाते तिच्यावर, निळे डाग पडतात. मग खर्च नुसत्या प्लेटचा राहत नाही, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगसकट सगळा सेट बदलावा लागतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

दुसरं, हँडब्रेकवर भरवसा ठेवणाऱ्यांनी त्याची केबल शेवटची कधी टाइट केली ते आठवा. तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि केबल ढिली पडत जाते. भरलेली सात सीटर चढावर हँडब्रेकवर धरत नाही अशा गाड्या माझ्याकडे कायम येतात. सर्व्हिसिंगला देताना तोंडाने सांगा, न सांगता सहसा कोणी बघत नाही.

घाटवाटसरू:
केबलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो हँडब्रेक दुरुस्त करायचा मुद्दा आहे, न वापरायचा नाही.

नियमपाळ:
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १५ बघा. लायसनच्या चाचणीत उभ्या चढावर गाडी थांबवून परत सुरू करता आली पाहिजे असं त्यात लिहिलंय, हँडब्रेक वापरून किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक वापरून, पण मागे न घरंगळता. म्हणजे कायद्याला दोन्ही पद्धती चालतात, अट एकच, गाडी मागे जाता कामा नये.

लीड्सहून:
इथे इंग्लंडमध्ये ड्रायव्हिंग शिकताना चढावर थांबलं की हँडब्रेक हेच शिकवतात आणि टेस्टमध्येही चढावरून गाडी उचलायला लावू शकतात. नवखेपणा वगैरे कोणी म्हणत नाही.

कराडचा_डिझेलवाला:
तिकडे मागचा माणूस अंतर ठेवून थांबतो हो! आपल्याकडे मागच्याचा बंपर आपल्या डिकीला टेकलेला असतो, म्हणून वेगाला महत्त्व आहे.

घाटवाटसरू:
उलट मागचा चिकटलेला असेल तरच हँडब्रेकची जास्त गरज आहे ना? तिथे वीतभर मागे गेलं तरी ठोकर. आणि पुढे तरी अंतर ठेवणं आपल्या हातात आहे. पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ते दिसलं पाहिजे, ट्रक असेल तर त्याहून जास्त अंतर, कारण भरलेला ट्रक गिअर टाकताना मागे येऊ शकतो. शिवाय दोन फुटांसाठी गाडी हलवूच नका, दोन गाड्यांची जागा होऊ दे मग एकदाच जा. क्लचचं अर्धं काम तिथेच वाचतं.

तीन_सिलिंडर:
दोन गाड्यांची जागा सोडली की बाजूच्या लेनमधला शिरणार हे नक्की.

घाटवाटसरू:
शिरू दे. एका गाडीने मागे पडून आपण पुण्याला किती उशिरा पोचणार?

ऑटो_घेतली:
एवढी डोकेदुखी कशाला, हिल होल्डवाली (चढावर ब्रेक आपोआप धरणारी) किंवा एएमटी (क्लच-गिअर स्वतः सांभाळणारी) घ्या.

गॅरेजवाला_चाकण:
हिल होल्ड साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतो, तेवढ्यात तुम्ही निघाला नाहीत तर सोडून देतो आणि गाडी मागे येते. ब्रेक नीट दाबला नसेल किंवा चढ कमी असेल तर लागतही नाही. एएमटीत क्लच प्लेट तीच, फक्त दाबायला तुमचा पाय नाही. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणारे एएमटीवाले बघितलेत मी, वास तोच येतो. थांबलात की ब्रेक, कुठलीही गाडी असो.

नवी_चालक_ठाणे:
मला विचारायचं होतं, ड्रायव्हिंग स्कूलने सगळं सपाट रस्त्यावर शिकवलं. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प प्रचंड उभा आहे आणि वरती गेटपाशी बूमसाठी मध्येच थांबावं लागतं. तिथे गाडी बंद पडली की मागे रांग लागते आणि हातपाय गळतात. बंद पडल्यावर पहिलं काय करायचं?

घाटवाटसरू:
ताई, पहिलं ब्रेक घट्ट, मग हँडब्रेक, मग क्लच दाबून न्यूट्रल, मग स्टार्ट. एक लक्षात ठेवा, इंजिन बंद झाल्यावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, दोन-तीन वेळा दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं आणि त्याच ब्रेकला दुप्पट जोर लावावा लागतो. एकदा दाबला की तसाच धरून ठेवा. मागच्याचा हॉर्न वाजू दे, तुमची गाडी उभी आहे तोवर त्याचं काही बिघडत नाही.

कराडचा_डिझेलवाला:
ताई, रविवारी सकाळी सहाला रॅम्प रिकामा असतो तेव्हा घरच्या कुणालातरी मागे लांब कडेला उभं करा, गाडी येत असेल तर सांगायला. रॅम्पच्या मध्यावर थांबून रेस न देता फक्त ब्रेक आणि क्लचवर ती थरथर पायाला कळेपर्यंत करा. थरथर आली की क्लच परत दाबायचा, धरून बसायचं नाही. बंद पडेल, पडू दे. ती कळल्यावर मग हँडब्रेकने करा नाहीतर माझ्यासारखं करा. पण सुरुवात हँडब्रेकने केली तर पकड पायाला कळत नाही, हँडब्रेक सोडल्यावरच समजतं, यावर मी अजून ठाम आहे.

घाटवाटसरू:
आणि मी म्हणतो पहिले काही दिवस हँडब्रेकनेच करा, कारण मागे जायची भीती असेपर्यंत पायाला काहीच कळत नाही. बोनेट उचललेलं डोळ्यांनी दिसतं, तिथून सुरुवात करा.