मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी आहे, एकटीने राहायचं आहे

नमस्कार मंडळी. मला जन्मापासून स्पास्टिक प्रकारची सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू ताठर राहतात. दोन्ही पाय आणि डावा हात ताठर. नोकरी आहे, आणि आता एकटीने राहायचं पक्कं ठरवलंय. घरचे काळजीपोटी विरोध करतात, ते मी बघून घेईन. अडतंय ते रोजच्या कामांत.

सगळ्यात अवघड सकाळ. घाई झाली की स्नायू आणखी आखडतात. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटते, अंगठा आत दुमडतो, मग ब्राचा हूक काय किंवा शर्टाचं बटण काय, लागतच नाही. पुढून लावायचे हूक, वेल्क्रो, बटण ओढायचा आकडा यांपैकी कोणी रोज काय वापरतं? आणि पाळीत एका हाताने पॅड बदलायला काय सोयीचं पडतं? यावर कुणी बोलतच नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय.

दुसरं, थकवा. मेंदूला झालेली इजा वाढत नाही हे खरं, पण चालण्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती जाते. लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर घ्यावी असं वाटतंय. चालता येत असूनही ती वापरणाऱ्या बायकांनी सांगा, ऑफिसात सुरुवात कशी केलीत?

माझं बोलणं जरा अडखळतं, म्हणून समोरचा सोबतच्या माणसाशीच बोलतो. डॉक्टरसुद्धा! तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणता? अगदी वाक्यच लिहून दिलंत तर फार बरं होईल. फिजिओथेरपी चालू आहे, व्यायामाचे सल्ले कृपया नकोत.