'टूलचेन'ला मराठीत काय म्हणावं?

पैनगंगा: दिग्रसकडच्या पोरांसाठी लिनक्सवरच्या रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची टिपणं लिहून राहिलो. 'आउटडेटेड टूलचेन'ला, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या जुन्या साधनांना, 'कालबाह्य साधनशृंखला' चालेल काय?

कास्तकार: नाही भाऊ, शृंखला म्हटलं की बेड्या आठवतात. 'साखळी' सी भाषेला शोभते: प्रीप्रोसेसर, कंपायलर, असेंबलर, लिंकर, एकातून निघालेलं दुसऱ्यात जातं. रस्ट बसवणारं रस्टअप ज्याला टूलचेन म्हणतं तो मात्र संच आहे: एकाच आवृत्तीचे रस्टसी (कंपायलर), कार्गो (प्रकल्प बांधणारं साधन) आणि प्रमाण लायब्ररी. तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा 'सीसी' लिंकर त्यात नसतो. म्हणून नवाकोरा संच बसवूनही तो सापडत नसल्याची तक्रार येते. बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज एपीटीने (डेबियनसारख्या लिनक्सच्या पॅकेज-साधनाने) वेगळं टाकावं लागतं.

मेळघाट: 'कालबाह्य'ही चुकीचं. डेबियन १२ मधलं रस्ट १.६३ जुनं आहे, पण डेबियनने ते मुद्दाम गोठवलंय. प्रकल्पात एडिशन २०२४ (भाषेच्या नियमांची आवृत्ती) लिहिलं असलं की अडतं, कारण त्याला किमान १.८५ लागतं. 'अपुरा संच' म्हणा.

पैनगंगा: मग एपीटीवाले रस्टसी नि कार्गो काढून रस्टअप बसवायचं, असं लिहू?

कास्तकार: काढलेले बरे. दोन्ही राहिले तर 'व्हिच -ए रस्टसी' चालवून पाहायला सांगा. यादीत होम फोल्डरमधलं '.कार्गो/बिन' वर हवं. एपीटीवाल्यांचं यूएसआर-बिन वर असेल तर जुनंच चालेल. पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) बरोबर असूनही जुनी आवृत्ती दिसली, तर शेलने जुना पत्ता धरून ठेवलेला असतो. बॅशमध्ये 'हॅश -आर' द्या, नाहीतर नवं टर्मिनल उघडा. मोबाइल डेटावर काम असेल तर बसवतानाच 'मिनिमल' प्रोफाइल निवडा. दस्तऐवजांचा बोजा उतरत नाही.

मेळघाट: आणखी एक. प्रकल्पातल्या क्रेटच्या (लायब्ररींच्या) नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी कार्गो.लॉक ही फाइल ४ थ्या स्वरूपातली असेल तर १.७८ च्या आधीचा कार्गो ती वाचत नाही. मग पोरं ती फाइलच पुसतात. तसं केलं की सगळ्या क्रेटच्या आवृत्त्या नव्याने ठरतात, आणि त्यांनाच आणखी नवा कंपायलर लागू शकतो. फाइल राहू द्या, संच बदला.

पैनगंगा: 'पिन करणे'ला?

कास्तकार: 'खुंटीला बांधणे'. रस्ट-टूलचेन.टोमलमध्ये चॅनल १.८५.० लिहिलं की प्रकल्प त्या आवृत्तीला बांधला. पण ही खुंटी फक्त रस्टअप मानतं. एपीटीचा कार्गो ती फाइल पाहतही नाही.