नाण्यावरचा मुखवटा आणि त्यामागचा दावा

रोमन नाण्यांवर सम्राटाचा चेहरा केवळ नाणे ओळखण्याच्या सोयीसाठी छापला जात असे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने लुग्दुनम (आजचे फ्रान्समधील लिओं) येथे पाडलेला ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचे नाणे, पाहा. दर्शनी बाजूस लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले त्याचे मस्तक असून भोवतीच्या अक्षरांत तो स्वतःला 'दिवी फिलियस', म्हणजे देवत्व पावलेल्या सीझरचा पुत्र, आणि 'पातेर पात्रिए', म्हणजे राष्ट्रपिता म्हणवतो. ही दुसरी पदवी त्याला इ.स.पू. 2 मध्ये मिळाली. मागच्या बाजूस त्याचे दत्तक पुत्र गायस आणि ल्युशियस टोगा (रोमन नागरिकाचे अंगभर वस्त्र) नेसून, ढालींवर हात टेकवून उभे आहेत. वारस कोण, हे जेमतेम 20 मिलिमीटरच्या सोन्यावर जाहीर झाले होते, दुर्दैवाने इ.स. 2 मध्ये ल्युशियस आणि इ.स. 4 मध्ये गायस मरण पावला.

वजन घटले तरी चेहऱ्याची ऐट कमी झाली नाही. नीरोने इ.स. 64 च्या सुमारास एका रोमन पौंड सोन्यातून 45 ऑरियस पाडण्यास सुरुवात केली, तर नंतरचा सम्राट कॉन्स्टंटाईन याच्या सॉलिडस या सोन्याच्या नाण्याचे प्रमाण पौंडाला 72 होते. खरा बदल बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट दुसऱ्या जस्टिनियनच्या पहिल्या कारकिर्दीत (685–695) दिसतो, कारण त्याच्या सॉलिडसवर दर्शनी बाजू ख्रिस्ताकडे गेली आणि सम्राट हाती क्रूस घेऊन मागच्या बाजूस सरकला. तामिळनाडूतील पुदुकोट्टई येथे सापडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्यात तर बहुतेक ऑरियसांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. तिथे त्या चेहऱ्यापेक्षा सोन्यालाच मोल होते, असे मला वाटते.