मदत हवी आहे: दोन इलेक्ट्रॉन एकसारखेच, मग एन्टँगल्ड नक्की कशाला म्हणायचं?

एमएस्सीच्या सेमिनारला हीलियम (दोन इलेक्ट्रॉनांचा अणू) घेतलाय आणि व्याख्येपाशीच गाडी अडलीये. कण वेगवेगळे असले की सोपं असतं, जोडीची स्टेट (क्वांटम अवस्था) दोघांच्या वेगवेगळ्या स्टेटच्या गुणाकारात फुटत नसेल तर एन्टँगल्ड. पण दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की स्टेटचं चिन्ह (अधिक-उणे) उलटायलाच हवं, म्हणजे एक इथे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग) अप आणि दुसरा पार चंद्रावर स्पिन डाऊन, एकमेकांशी काही देणंघेणं नाही, तरी लिहिताना दोन टर्म येतातच आणि गुणाकार काही होत नाही. मग काय विश्वातले सगळेच इलेक्ट्रॉन एन्टँगल्ड? इथे मोजलं तर अपच येणार, चंद्रावर डाऊनच, बेलची असमानता (जी एन्टँगल्ड जोडीच मोडू शकते) मोडणार कपाळ!

श्लीमान वगैरेंचा 2001 चा स्लेटर रँकचा निकष सापडला: स्टेट एकाच स्लेटर डिटर्मिनंटमध्ये (एकेका इलेक्ट्रॉनच्या स्टेटचा गुणाकार, फक्त अदलाबदलीला चिन्ह उलटेल असा मांडलेला) मावली तर एन्टँगलमेंट नाही. हे पटलं. त्यानुसार एका इलेक्ट्रॉनची एन्ट्रॉपी (त्याच्या एकट्याच्या स्टेटबद्दलची अनिश्चितता) 1 बिट आली तर ती नुसत्या अदलाबदलीची, तो शून्य धरायचा. पण मग 1एस-2एस ट्रिप्लेट (एक इलेक्ट्रॉन 1एस ऑर्बिटलमध्ये, दुसरा 2एस मध्ये, एकूण स्पिन 1) घेतली (इलेक्ट्रॉनांमधलं रिपल्शन सोडून) तर एम (एकूण स्पिनचा अक्षावरचा घटक) = +1 आणि -1 ला 1 बिट येतो, आणि एम = 0 ला दोन डिटर्मिनंट, 2 बिट. एकाच लेव्हलच्या तीन स्टेट, त्यातली एकच एन्टँगल्ड? अक्ष फिरवला की हे बदलायला नको का? कुणीतरी सांगा प्लीज, सरांनी हेच विचारलं तर काय बोलू.

प्रतिसाद:
गणित बरोबर आहे तुमचं. अक्ष फिरवून एम = +1 ची एम = 0 होतच नाही, त्यामुळे विरोधाभास नाही. गिरार्दी, मारिनात्तो आणि वेबर यांनी 2002 मध्ये मांडलेला प्रश्न विचारून बघा: प्रत्येक कणाला गुणधर्मांचा पूर्ण संच देता येतो का? एम = +1 मध्ये 1एस वाला अप, 2एस वाला पण अप, विषय संपला. एम = 0 मध्ये 1एस वाल्याचा स्पिन कुठल्याच दिशेने ठरलेला नाही. सरांना हेच सांगा.

फक्त बोसॉनकडे (फोटॉनसारखे कण, ज्यांची अदलाबदल केली तरी चिन्ह उलटत नाही) वळू नका सेमिनारमध्ये, तिथे व्याख्यांचीच भांडणं आहेत. 50:50 बीम स्प्लिटरच्या (प्रकाश निम्मा-निम्मा वाटणारा आरसा) दोन बाजूंनी एकाच वेळी एकेक तंतोतंत सारखा फोटॉन सोडला की दोघं एकाच बाजूने बाहेर पडतात (होंग, औ, मँडेल, 1987). कणांच्या हिशोबाने काहीच बदललं नाही कारण दोघांवर एकच युनिटरी (स्टेट बदलणारी क्वांटम क्रिया) लागली, आणि मोडच्या (बाहेर पडायच्या दोन वाटांच्या) हिशोबाने मात्र एन्टँगलमेंट नव्याने तयार झाली.