शब्दचर्चा: कंटेंट म्हणजे आशय की मजकूर? डिझाइन म्हणजे सजावट की मांडणी?

शाल्मली: एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचा करार मराठीत लिहितेय. 'कंटेंट' आणि 'डिझाइन' यांपाशी अडले. 'आशय' आणि 'अभिकल्प' हे शब्द सापडले, पण कार्यकारिणीतल्या मंडळींना ते कितपत कळतील, शंकाच आहे.

जुना छापखाना: 'अभिकल्प' नकोच. धरणाच्या डिझाइनला 'संकल्पचित्र' म्हणतात, ते तिथे शोभतं. तुमच्या कामाचे शब्द छापखान्यात तयार आहेत: मजकूर आणि मांडणी. 'आशय' म्हणजे मजकुरातून जे पोचतं ते. ते करारात मोजून मागता येत नाही. मजकूर मागता येतो. (हा अरबी शब्द, फारसीतून आला, मूळ अर्थ 'उल्लेखिलेला'. जुन्या कागदांत 'मजकूर इसम' म्हणूनच भेटतो.)

'मांडणी' मला विशेष प्रिय, कारण पाट मांडा, डाव मांडा की मुद्दा मांडा, आधी हातात काहीतरी असावं लागतं. सजावट रिकाम्या भिंतीचीही होते. 'डिझाइन' म्हणताना पुष्कळांच्या मनात सजावटच असते, म्हणून मजकूर शेवटच्या आठवड्यात गोळा होतो.

जुई: अगदी हेच रोज बघते. नमुना पानं 'लोरेम इप्सम' या जागा भरण्यापुरत्या निरर्थक मजकुरावर होतात, म्हणजे सिसेरोच्या इ.स.पू. 45 मधल्या लॅटिन ग्रंथाच्या मोडतोडीवर. लॅटिनला ना वेलांटी, ना उकार. त्या बेताने ठरवलेल्या ओळींत मराठी भरलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर सोडलेलं असेल तर शिरोरेखाच तुटते. 'वाचनालय'चे पाच तुकडे. आणि इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी येणारा जोर आपल्याकडे ठसा जाड करून किंवा आकार वाढवूनच आणावा लागतो. खरा मजकूर समोर असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

शाल्मली: पण सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) 1996 मध्ये आलं ते मजकूर आणि रूप वेगळं ठेवायलाच ना? डेव्ह शे यांच्या 2003 च्या 'सीएसएस झेन गार्डन' या संकेतस्थळावर तर एकाच पानाची कितीतरी रूपं आहेत. मग आधी काय, नंतर काय, याने काय फरक पडतो?

जुना छापखाना: उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे मजकूर आधी लिहून पक्का झालेला होता. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, यादी कुठली, हे एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या भागांना खुणा लावणाऱ्या भाषेत, नीट लावलेलं होतं. म्हणून तर इतक्या जणांना तो हवा तसा मांडता आला. वेगळं ठेवणं म्हणजे एकमेकांशिवाय करणं नव्हे.

जुई: फोटो आणि चित्रफिती मजकुरात धरायच्या का? करारात स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे वाद होतो.

शाल्मली: कलम असं करते: 'मजकूर (छायाचित्रे व चित्रफितींसह) वाचनालयाने द्यावा. तो हाती आल्यावरच पानांची मांडणी सुरू करावी, आणि नमुना पाने त्याच मजकुरावर दाखवावीत.'